पणजीचं माहेर कोणतं?

आम्ही शहागडच्या बचत गटातल्या बाया. गोदावरीच्या अलीकडं आमचा अंबड तालुका आणि पुलावरून पलीकडं गेलं की गेवराई, म्हणजे बीड जिल्हा. आमच्यातल्या कितीतरी जणी त्या बाजूच्या माहेरच्या. आज आम्ही वंशावळीबद्दल बोलणार आहोत.

हा शब्द आमच्या भागात घराघरात पोचला तो 2023 साली. जवळच्याच अंतरवाली सराटीत ऑगस्टमध्ये उपोषण सुरू झालं, सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम लागलं. मग काय, माळ्यावरच्या लोखंडी पेट्या खाली आल्या. माणसं तहसीलला, भूमी अभिलेखला, जुन्या शाळांना हेलपाटे घालायला लागली. ज्यांना पणजोबाचं नाव धड सांगता येत नव्हतं, त्यांनी खापरपणजोबा शोधून काढला. आरक्षणाच्या वादात आज आम्ही शिरत नाही. आमच्या गटात सगळ्या जातींच्या बाया आहेत आणि मतंही तितकीच आहेत. आम्हाला दिसलं ते वेगळंच.

वंशावळीचे तयार झालेले कागद आम्ही समोर ठेवून बघितले. वर एक पुरुष, त्याच्या खाली दोन पुरुष, त्याच्या खाली पाच. शेवटी अर्जदार मुलगा. एकाही कागदावर बाई नाही. दाखल्यासाठी बापाकडचीच उतरण लागते, हे खरं. पण घरच्यांना विचारलं तर तोंडीसुद्धा पणजीचं नाव येईना. ‘म्हातारी म्हणायचे तिला’ एवढंच.

आता हिशेब करून बघा. प्रत्येक माणसाला आजी-आजोबा मिळून चार. त्यांचे आईबाप आठ, म्हणजे चार पणजोबा आणि चार पणज्या. कागदावर त्या आठांतला एकच आहे. बाकीचे सात कुठं गेले?

घराण्याचा इतिहास शोधणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो, आपले पूर्वज कुठून आले? मग आडनाव बघतात. एखाद्याचं आडनाव पैठणकर असलं तर तो पैठण सोडून आलेला, कारण पैठणात राहून कुणी स्वतःला पैठणकर म्हणवून घेत नाही. कुणी कुलदैवतावरून अंदाज बांधतं. कुणाच्या घरी दुष्काळात गाव सोडल्याची गोष्ट असते. हे सगळं शोधावंच. पण बापय माणूस गाव सोडून आला तो चार-पाच पिढ्यांत एखाद्या वेळी. बाई मात्र दर पिढीला आली, परक्या गावाहून, एका गाठोड्यानिशी. घरातली खरी स्थलांतरित माणसं म्हणजे सुना. त्यांच्या वाटा शोधायच्या म्हटलं की कागद मुके होतात.

एक अडचण तर लग्नातच तयार होते. बऱ्याच घरांत ताटात तांदूळ पसरून त्यात नव्या सुनेचं नवं नाव लिहितात. माहेरची चंद्रभागा सासरी येऊन सुमन होते. मग माहेरच्या कागदात चंद्रभागा, सासरच्या कागदात सुमन, आणि या दोघी एकच हे सांगणारं माणूस गेलं की संपलं. म्हणून आमचं पहिलं सांगणं असं, की कागदाच्या मागं पळण्याआधी म्हाताऱ्यांजवळ बसा. कागद अजून दहा वर्षं राहील. आजीचं तसं नाही.

विचारायचीही रीत असते. ‘साल कोणतं’ असं विचारलं तर उत्तर येत नाही. रझाकाराच्या गडबडीत तुम्ही केवढ्या होतात, लग्न झालं होतं का, असं विचारा. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, तो खुंटा पक्का आहे. दुसरा खुंटा 1972 चा दुष्काळ. खडी फोडायला कोण जात होतं, सुकडी खाल्ली तेव्हा कडेवर कोणतं लेकरू होतं, हे बायांना बरोबर आठवतं. त्याच्याही मागचं म्हणजे मानमोडीची साथ, 1918 ची. ‘माझ्या सासूची सासू मानमोडीत गेली’ असं एका आजीनं सांगितलं आणि आमच्या कागदावर दोन पिढ्या एकदम जागेवर बसल्या. आणि नवऱ्याचं नाव आजीलाच विचारत बसू नका, ती लाजते. जावेला नाहीतर नणंदेला विचारा.

त्यानंतर कागद. आमचा तालुका 1 मे 1981 च्या आधी औरंगाबाद जिल्ह्यात होता, जालना जिल्हा त्या दिवशी झाला. म्हणून जुना शोध घेताना दोन्ही ठिकाणी चौकशी करावी लागते. निजाम काळातले कागद पुष्कळदा उर्दूत, काही मोडीत. साल फसली असतं. त्यात 590 मिळवले की आपलं साल जवळपास सापडतं. फसली 1330 म्हणजे 1920-21. महिने आजूर, दै, बहमन असे. वाचायला आम्हाला उर्दू शाळेतले निवृत्त गुरुजी सापडले. मोडी वाचणारा मात्र लांबून गाठावा लागला.

बाईचं नाव सापडायची जागा म्हणजे जुने फेरफार. नवरा मेला, मुलं लहान, अशा वेळी जमिनीला बाईचं नाव लागायचं. तिथं ‘भ्र.’ असं अक्षर दिसलं तर थांबा. भ्र. म्हणजे भ्रतार. ‘सोनाबाई भ्र. केरबा’ म्हणजे केरबाची बायको सोनाबाई. कुठं ‘बेवा’ लिहिलेलं असतं, म्हणजे विधवा. बाई कागदावर आली ती विधवा झाल्यावर, हे वाचताना आम्हाला कसंतरीच झालं. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, ज्याला जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात, तिच्यातही शोधावं. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा उपयोगी, पण त्या काळी मुली शाळेत होत्या किती?

पैठण, नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडं गावागावांच्या, आडनावांच्या वह्या असतात. तिथं यजमानानं सांगितलेली नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली. गंमत बघा, श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्या जोडीनं आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात, आईच्या बापाचंसुद्धा. म्हणजे पिंडाला पणजी लागते, वंशावळीला लागत नाही. अर्थात या वह्या सगळ्यांच्या नाहीत. आमच्यातल्या दलित आणि मुस्लिम बहिणींना त्यांचा उपयोग नव्हता. त्यांचं जे मिळालं ते जमिनीच्या कागदांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी.

कुणी म्हणेल, कशाला हा खटाटोप? तर ऐका. आमच्या गटातल्या एकीचे वडील वारले. वारस नोंदीच्या वेळी भावांनी वंशावळ दिली, तिच्यात दोनच नावं, दोघा भावांची. बहीण लिहिलीच नाही. तिला कळलं ते पुष्कळ महिन्यांनी, सातबारा काढला तेव्हा. भाऊ म्हणाला, ‘वंशावळीत मुली कुठं असतात?’ तो खोटं बोलत नव्हता. त्यानं बघितलेल्या सगळ्या वंशावळी तशाच होत्या. कागदाची सवय अशी हक्कापर्यंत पोचते.

कायदा काय म्हणतो? हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क आहे. महाराष्ट्रानं ही दुरुस्ती 1994 मध्ये केली, देशाला ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की 2005 मध्ये वडील हयात असोत नसोत, मुलीचा हक्क आहेच. मुस्लिम बहिणींच्या वारशाचा कायदा वेगळा, तरी तिथंही मुलगी वारस असते. फेरफाराची नोंद झाली की हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. मंजूर होऊन गेला असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडं अपील, 60 दिवसांत. उशीर झाला तर उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं.

आमच्या मैत्रिणीनं अपील केलं. चार दिवाळ्या भाऊबीज बंद होती, हेही सांगायला पाहिजे. शेवटी नाव लागलं. ‘भावाला हक्कसोड देऊन टाक ना’ असं तिला पुष्कळ जणींनी सुचवलं, आमच्यातल्याही काहींनी. तिचं उत्तर सरळ होतं. सोडायचा का ठेवायचा ते मी ठरवीन, पण सोडायला तरी आधी नाव लागू द्या.

1 मे 2024 नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आता आईचं नाव लागतं, आधी आईचं, मग वडिलांचं. चांगलं झालं. पण ते तिथून पुढचं. मागचं आपल्यालाच भरावं लागणार.

आम्ही एक मोठा कागद केलाय. त्यावर प्रत्येकीच्या आईची आई, तिची आई अशी उतरण लिहितो, आणि नावापुढं माहेरचं गाव. आतापर्यंत तीन पिढ्यांच्या पुढं चौघीच गेल्यात. एकीच्या पणजीबद्दल एवढंच कळलंय, की ती नदीपलीकडून नावेतून आली, सोबत एक शेळी होती आणि सासरी तिला सगळे ‘पलीकडची’ म्हणायचे. गेवराईकडच्या कुणा घरात, लेक अलीकडं शहागडला दिली आणि बरोबर शेळी दिली, अशी गोष्ट सांगत असतील, तर त्या घरच्या आजीला एवढं विचारा, की त्या लेकीचं नाव काय होतं.