न्यूमोनियावर मराठवाड्यातलं औषध

धाराशिव असो, कळंब असो की परांडा, खोकला-ताप आला की अनेक जण मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिन आणतात. न्यूमोनियाचे काही जिवाणू आता या गोळीला दाद देत नाहीत. हे औषध जिवाणूच्या रायबोसोमला चिकटतं आणि तिथली प्रथिनं बनवण्याची क्रिया थांबवतं. पण हुशार जिवाणू ती चिकटण्याची जागाच बदलून टाकतो.

यावरचं एक उत्तर शोधलं गेलं छत्रपती संभाजीनगरात, वोक्हार्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात. नॅफिथ्रोमायसिन हे त्याचं नाव. ते रायबोसोमला दोन ठिकाणी धरतं, त्यामुळे एक जागा बदलली तरी पकड पुरती सुटत नाही. दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस घ्यायचं. सुमारे १४ वर्षांचं संशोधन, केंद्र सरकारच्या ‘बायरॅक’ या जैवतंत्रज्ञान संस्थेचं साहाय्य, आणि २० नोव्हेंबर २०२४ रोजी त्याची औपचारिक घोषणा. एवढं मोठं काम आपल्या मराठवाड्यात झालं, याचा खरोखर अभिमान वाटतो.

मात्र ही गोळी सर्दीसाठी नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणतंच अँटिबायोटिक घेऊ नका. ताप, धाप आणि छातीत दुखणं एकत्र असेल, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.