चार्ल्स इंगल्स : एका वसाहतकऱ्याचे जीवन



अमेरिकेचा सीमाप्रदेश म्हटला की घोडेस्वार आणि बंदुका डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ही चित्रपटांची कृपा. एकोणिसाव्या शतकातील सामान्य वसाहतकरी कसा जगला, हे चार्ल्स इंगल्स यांच्या आयुष्यावरून कळते.

१८३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले हे गृहस्थ आयुष्यभर बिऱ्हाड पाठीवर घेऊन भटकले. १८६९ मध्ये त्यांनी कॅन्ससमध्ये घर बांधले, ते ओसेज लोकांच्या राखीव भूमीवर. १८७१ मध्ये तेही सोडले. मिनेसोटात गव्हाचे उभे पीक टोळांनी फस्त केले. १८७५ च्या अखेरीस, मदतीचे पीठ मिळावे म्हणून, आपण सर्वस्वी निर्धन असल्याचे या स्वाभिमानी माणसाला लिहून द्यावे लागले. पुढे डाकोटात सरकारी कायद्यानुसार १६० एकर जमीन मिळाली. अट अशी की, पाच वर्षे तेथे राहून ती कसली पाहिजे. १८८०-८१ च्या हिवाळ्यात हिमवर्षावाने आगगाड्या महिनोन्महिने बंद पडल्या. १८८६ मध्ये अट पुरी झाली. पण शेतीने पोट भरेना. अखेर ते गावात राहून सुतारकाम करू लागले. १९०२ मध्ये ते निवर्तले.

अशी माणसे विस्मृतीत जातात. इंगल्स उरले, कारण त्यांची कन्या लॉरा इंगल्स वाइल्डर हिने वयाच्या ६५ व्या वर्षी, १९३२ मध्ये, बालपणाच्या आठवणींवरील पहिले पुस्तक प्रसिद्ध केले.

मात्र तिच्या १९३५ च्या पुस्तकात, त्या प्रदेशात माणसे नव्हती, केवळ इंडियन होते, अशा अर्थाचे वाक्य होते. म्हणजे ज्यांची भूमी, ते माणसांत जमा नाहीत! पुढे एका वाचकाने प्रकाशकांना पत्र लिहून हे निदर्शनास आणले. लेखिकेने चूक मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ऐवजी ‘वसाहतकरी’ असा शब्द आला. तेवढ्याने वाद मिटला नाही. ओसेजांच्या चित्रणावरील आक्षेप कायम राहिले आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने आपल्या पुरस्काराला दिलेले लॉराचे नाव काढले.

तरीही ती पुस्तके ग्रंथालयांत आहेत, आणि ती असावीत, असे मला वाटते. बापाचे कष्ट खरे होते. ओसेजांचे विस्थापनही तितकेच खरे होते. एक पुस्तक सहसा एकच बाजू सांगते. दुसऱ्या बाजूचे पुस्तक शेजारी ठेवणे हे ग्रंथालयाचे काम, आणि दोन्ही वाचून प्रसंगी पत्र लिहिणे हे सभासदांचे.