चेहरा पक्षाचा, पाच वर्षे मतदाराची

(अँटॉप हिल, मुंबई येथील कार्यकर्त्याने जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



मी मुंबईत अँटॉप हिलला राहतो. आमच्याकडे सरकारी नोकरांच्या वसाहती आहेत आणि शेजारीच झोपडपट्ट्या. नट आला तर रस्ता बंद पडतो. आमदार आला तर टपरीवरचा माणूस मान वर करत नाही. हसू नका, तुमच्या तालुक्यात यापेक्षा वेगळं नाही. म्हणून गोविंदांची गोष्ट सांगतो.

विरारच्या चाळीत वाढलेला हा मुलगा. ‘आँखें’, ‘राजा बाबू’, ‘कुली नं. १’ या चित्रपटांनी घराघरात पोहोचला. २००४ साली काँग्रेसने त्यांना उत्तर मुंबईतून लोकसभेला उभं केलं. समोर राम नाईक. पाच वेळा निवडून आलेले, केंद्रात पेट्रोलियम मंत्री, लोकल गाडीच्या प्रवाशांसाठी आयुष्यभर झगडलेले. गोविंदांनी त्यांना सुमारे ४८ हजार मतांनी पाडलं.

लोक वेडे होते का? नाही. आपल्यासारखाच चाळीतून वर आलेला माणूस आपलं ऐकेल, असं त्यांना वाटलं. ही आशा खोटी नव्हती. ती भलत्या खात्यावर जमा झाली.

खासदार साहेब मतदारसंघात सापडत नाहीत, संसदेत क्वचित दिसतात, अशी ओरड लवकरच सुरू झाली. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हाही खासदार कुठे आहेत, असं लोक विचारत होते. त्या काळात खासदाराला विकासनिधी मिळे वर्षाला दोन कोटी. त्यातून काही कामं झालीही. पण माणूस पुन्हा पडद्यावर रमला. २००६ ला ‘भागम भाग’, २००७ ला ‘पार्टनर’ आला. २००९ च्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत.

आता हिशेब मांडा. नटाचं काय गेलं? चित्रपट मिळाले. पक्षाचं काय गेलं? २००९ ला काँग्रेसने संजय निरुपम यांना उभं केलं आणि सहा हजारांहून कमी मतांनी का होईना, जागा राखली. पाच वर्षं गेली ती फक्त मतदाराची. पक्षाला खासदार नको होता, जागा हवी होती. गावोगाव फिरून, कामं करून जागा मिळवायला घाम लागतो. चेहरा आयता मिळतो.

कुणी म्हणेल, नटांना राजकारणात घेऊच नये. मी तसं म्हणत नाही. त्याच मुंबईतून, त्याच पक्षातून सुनील दत्त पाच वेळा निवडून आले. पंजाब पेटलेला असताना १९८७ साली ते मुंबईहून अमृतसरला पायी गेले. तेही नटच होते. म्हणजे दोष धंद्याचा नाही. एकाने लोकांची कामं अंगावर घेतली, दुसऱ्याला ते जमलं नाही.

हे मुंबईचं झालं, आपल्याला काय, असं समजू नका. मार्च २०२४ मध्ये गोविंदा एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत आले आणि त्याच वर्षी विधानसभेच्या प्रचाराला पाचोऱ्यात त्यांची मिरवणूक निघाली. पाचोरा म्हणजे जळगावचा कापूसपट्टा. चेहरा आता तुमच्या बांधावर आला आहे.

बियाण्याच्या पिशवीवर टपोऱ्या बोंडाचं चित्र असतं. त्यावर भुलून पेरणी केली आणि उगवलंच नाही, की हंगाम कुणाचा जातो? चित्र छापणाऱ्याचा नव्हे, तुमचा. म्हणून तुम्ही दुकानदाराकडून पावती घेता. मत देतानाही घ्या. उमेदवाराला भर सभेत विचारा: कापसाची खरेदी थांबली, ज्वारीचा भाव पडला, तर तुम्ही कोणत्या दिवशी, कोणत्या गावात भेटणार? आणि त्याला घेऊन येणाऱ्या पुढाऱ्याला विचारा: हा नाही भेटला, तर जबाब कोण देणार?

उत्तर मिळेपर्यंत टाळ्या वाजवा, फोटो काढा, पण शब्द देऊ नका.