पडलेल्या तबकडीची पहिली बाजू

(मंडळाच्या श्रवण-बैठकीत केलेले भाषण)



आपल्या बैठकीत नाट्यपदं आणि भावगीतं वाजतात. आज मी इंग्लंडची तबकडी आणली आहे, ज्येष्ठांनी सांभाळून घ्यावं.

‘पिंक फ्लॉइड’ हे नाव तुमच्या मुलांच्या खोलीतून कधीतरी ऐकलं असेल. पण ‘पॉइंट मी अ‍ॅट द स्काय’ हे त्यांचं गाणं त्यांच्या चाहत्यांनाही सहसा आठवत नाही.

काळ १९६८च्या डिसेंबरचा. ज्याच्या गाण्यांवर बँडचं नाव झालं, तो सिड बॅरेट मनःस्वास्थ्य ढासळल्यामुळे त्याच वर्षी बाहेर पडला होता. त्याची जागा घेतली त्याच्याच केंब्रिजच्या मित्राने, डेव्हिड गिल्मोरने. मित्राच्या रिकाम्या खुर्चीवर बसणं किती अवघड, ते सांगायला नको. आधीची दोन सिंगल्स पडली होती. तिसरं गिल्मोर आणि रॉजर वॉटर्स यांनी मिळून लिहिलं.

गाण्यातला माणूस उडतं यंत्र बनवतो आणि गर्दीने गुदमरलेली पृथ्वी सोडून निघतो. सुरुवात हळुवार, कुणी पत्र वाचून दाखवावं तशी. मग ड्रम आणि गिटार एकदम अंगावर येतात. जुन्या दुपंखी विमानासह चित्रफीतही काढली. तरी गाणं ब्रिटनच्या विक्री-यादीत आलंच नाही.

त्यानंतर जवळजवळ ११ वर्षं या मंडळींनी ब्रिटनमध्ये सिंगल काढलं नाही. ते लांब पल्ल्याच्या अल्बमकडे वळले. पुढचं सिंगल आलं १९७९ साली, ‘अनदर ब्रिक इन द वॉल’, आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

गंमत अशी, की याच तबकडीची दुसरी बाजू, ‘केअरफुल विथ दॅट अ‍ॅक्स, यूजीन’, पुढे अनेक वर्षं मैफली गाजवत राहिली. १९७१च्या ‘रेलिक्स’ या संकलनात तिला जागा मिळाली. पहिली बाजू मात्र वगळली गेली. तिला बँडच्या संचात शिरायला १९९२ उजाडलं.

मला ती आवडते, कारण तिच्यात दोन तरुण एकमेकांना धरून उभे राहताना ऐकू येतात. पुढे १९८०च्या दशकात हेच दोघे बँडच्या नावावरून भांडले. ते भांडण सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीचा हा एकोपा मात्र कुणी ऐकत नाही. आपल्याही घरांत, संस्थांत असंच होतं. बेबनाव लक्षात राहतो, एकत्र केलेली पहिली धडपड विसरली जाते.

आता सुई ठेवतो. साडेतीन मिनिटं द्या. नाही आवडलं, तर पुढचं नाट्यपद माझ्याकडून.