गटात काय वाचायचं? आधी रहस्यकथा घ्या!

 आम्ही खांदेश्वर, खांदा कॉलनी, आदई, आसूडगाव, विचुंबे या भागातल्या बचत गटांतल्या बाया.

हप्ता गोळा झाला, वहीत सह्या झाल्या की आम्ही अर्धा तास एक पुस्तक मोठ्याने वाचतो, असं मागे एकदा आमच्या बोलण्यात आलं होतं. तेव्हापासून बऱ्याच गटांतून एकच विचारणा होते. ताई, तुम्ही वाचता तरी काय? आम्ही कुठून सुरुवात करू?

आमचं उत्तर सरळ आहे. खून, चोरी, दरोडा आणि भूत. हसू नका. आमच्या गटांत सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या बाया खूप आहेत. अक्षरं येतात, दुकानाची पाटी वाचता येते, पण लग्नानंतर पुस्तक म्हणून हातात धरलेलं नाही. अशा बाईला पहिल्याच दिवशी जाडजूड, चांगल्या विचारांचं पुस्तक दिलं तर तिसऱ्या पानावर तिचं मन घरच्या कुकरकडे जातं. रहस्यकथेत दुसऱ्या पानावर कोणीतरी मरून पडलेलं असतं. मग कुकर राहतो बाजूला. पुढच्या बैठकीला उशिरा येणारी बाई वेळेआधी येऊन बसते, कारण पुढे काय झालं ते तिला कळायला हवं असतं.

‘असलं वाचून बायकांची डोकी फिरतील,’ असं म्हणणारी माणसं आमच्याकडेही आहेत. त्यांना आमच्या गटातल्या एका मावशींनी छान उत्तर दिलं. रोज रात्री मालिकेत जाऊ सुनेच्या दुधात विष कालवते, ते घरातले सगळे जेवताना बघतात, तेव्हा नाही फिरत डोकी?

मराठीत रहस्यकथांची उणीव नाही. बाबुराव अर्नाळकरांचं नाव तुमच्या आजोबांना नक्की ठाऊक असेल. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. चष्म्याचं दुकान चालवता चालवता त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची माणसं एके काळी घराघरांत माहीत होती. आता जुनी पुस्तकं मिळणं कठीण, पण निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या आहेत. वाक्यं छोटी, प्रकरणं छोटी. नव्याने वाचायला लागलेल्या बाईला एका दमात एक प्रकरण जमतं, आणि ‘मी एक प्रकरण वाचलं’ असं ती घरी जाऊन सांगते. सुरुवातीला यांच्यासारखा लेखक नाही.

त्यानंतर सुहास शिरवळकर. ‘दुनियादारी’ हा सिनेमा २०१३ साली आला, तो तुम्ही पाहिला असेल. ती त्यांचीच कादंबरी, पण त्यांचा खरा पसारा रहस्यकथांचा आहे. त्यातला वकील अमर विश्वास आमच्या बायांना फार आवडतो. कोर्टात तो साक्षीदाराला एकेक प्रश्न विचारत जातो ना, ते वाचताना सगळ्या पुढे सरकून बसतात.

भुताच्या गोष्टींत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. ‘तुंबाड’ हा २०१८ सालचा सिनेमा धारपांच्या कथेवरून सुचलेला. मतकरींची भीती वेगळी. त्यांच्या गूढकथांत साधी घरं, साधी माणसं असतात आणि हळूच काहीतरी बिनसतं. ‘खेकडा’ हा संग्रह मिळाला तर घ्या, पण दुपारच्या बैठकीत वाचा. आमच्याकडे संध्याकाळी वाचला, तर गल्लीत दिवा नाही म्हणून तिघी-चौघींना घरापर्यंत सोडायला जावं लागलं. एक मात्र स्पष्ट बोलून घ्या. गोष्टीतलं भूत गोष्टीत. लेकराला ताप आला तर दवाखाना, भगत नाही. अंगात आणून बाईला मारहाण करणं, करणी काढतो म्हणून पैसे उकळणं, याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ सालापासून कायदा आहे. भुताच्या गोष्टीनंतर आम्ही हा विषय मुद्दाम काढतो, कारण तेव्हा बाया मोकळेपणाने बोलतात.

आता आमच्या सगळ्यात आवडत्या बाईकडे येऊ. ती मराठी नाही, इंग्रज आहे. अगाथा ख्रिस्ती या लेखिकेने एक म्हातारी रंगवली आहे, मिस मार्पल. पहिली कादंबरी १९३० सालची. लग्न न झालेली, पांढऱ्या केसांची, लहानशा गावात राहणारी बाई. लोकर विणते, बागेत काम करते, शेजारणींशी गप्पा मारते. पोलीस तिला मोजत नाहीत. आणि खुनी कोण ते तीच शोधून काढते. कसं? तिचं गाव तिला पाठ आहे म्हणून. समोर आलेला मोठा साहेब बघून तिला गावातला अमुक पोरगा आठवतो, तो असाच गोड बोलून पैसे लांबवायचा. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, हा तिचा हिशेब.

हे वाचलं तेव्हा आमच्यात एकदम कालवा झाला. अशी बाई आपल्या प्रत्येक आळीत आहे! ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असते. कोणाकडे कोण आलं, कोणाची चूल पेटली नाही, कोणती सून तीन दिवस दारात दिसली नाही, हे सगळं तिला कळलेलं असतं. आपण तिला चोंबडी म्हणतो. इंग्रजांनी तिच्यावर बारा कादंबऱ्या वाचल्या. ख्रिस्तीच्या बऱ्याच पुस्तकांचे मराठी अनुवाद झालेत. ग्रंथालयात विचारताना मिस मार्पल असलेलं पुस्तक आधी मागा.

बंगालीतून आलेले व्योमकेश बक्षी आणि फेलूदाही चांगले. व्योमकेशची मालिका दूरदर्शनवर १९९३ साली लागायची. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. शाळेतल्या मुलींना त्या जरूर द्या. आमच्या एका मैत्रिणीच्या मुलीने वाचून विचारलं, यात बाया कुठं आहेत? खरंच फारशा नाहीत. पण प्रश्न तर पडला!

वाचायची आमची एक रीत सांगतो. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं. प्रत्येकीने चिठ्ठीवर संशयिताचं नाव लिहायचं आणि कारण लिहायचं. लिहिता येत नाही तिने शेजारणीला कानात सांगायचं. चिठ्ठ्या पैशाच्या डब्यात. पुढच्या बैठकीला वाचन, मग चिठ्ठ्या उघडायच्या. नुसतं नाव चालत नाही, ‘मला तसं वाटलं’ हेही चालत नाही. तो त्या वेळी कुठे होता, कागद कोणी लिहिला, फायदा कोणाचा झाला, हे सांगावं लागतं.

या सवयीचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं आहे. आमच्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. भावांना भूखंड, मोबदला मिळायची वेळ आली की बहिणीकडे एक कागद येतो, हक्कसोडपत्र. एका बैठकीला एक वहिनी तो कागद घेऊन आल्या. भाऊ म्हणाला होता, नुसती सही कर, वाचायचं काय त्यात. त्यांनी कागद मांडला आणि आमच्या बाया रहस्यकथेतल्यासारख्या त्यावर तुटून पडल्या. तारीख कुठाय? पानं किती, आणि मधलं पान कुठं गेलं? गट नंबर कोणता? बदल्यात तुला काय मिळणार ते कुठं लिहिलंय? ‘स्वखुशीने’ हा शब्द वाचून एक मावशी म्हणाल्या, तुझी खुशी त्यांना कशी कळली गो?

वहिनींनी त्या दिवशी सही केली नाही. भावाकडे पूर्ण कागदाची नक्कल मागितली. घरात अबोला झाला, तो अजून आहे. माहेर आणि हक्क यांतलं काय धरायचं, हे त्यांचं त्याच ठरवतील. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की २००५ सालच्या कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की तो जन्मापासूनचा आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो अवलंबून नाही. आणि बाईला, तिची मिळकत कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. सही करायची तरी समजून करा, नाही करायची तरी समजून.

गट असा वाचता झाला की अवघड पुस्तकांकडे वळा. पहिलं नाव कविता महाजन यांच्या ‘ब्र’चं. २००५ सालची कादंबरी. संस्थेत काम करणारी एक बाई आदिवासी भागात पंचायतीत निवडून आलेल्या बायकांना भेटत फिरते. खुर्ची बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हे आपण रोज बघतो. आता पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. तुमच्या गटात आजी-माजी सदस्य असतील तर हे पुस्तक वाचल्याशिवाय राहू नका. यात खून शोधायचा नाही, पण आम्हाला धडधड सगळ्यात जास्त याच पुस्तकात झाली.

दुसरं कृष्णात खोत यांचं ‘रिंगाण’, ज्याला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावाची ही गोष्ट, मागे सुटलेल्या म्हशीची आणि तिला आणायला निघालेल्या माणसाची. भाषा कोल्हापूरकडची आहे, पहिली दहा पानं अडखळायला होतं. सोडू नका. विमानतळासाठी आमच्या शेजारची दहा गावं उठली. आता तिथून विमानं उडतात. त्या गावांतून पुष्पकनगरला आलेल्या बाया वाचनात गप्प बसून होत्या. मग एकीने जुन्या घराच्या परसातल्या शेवग्याबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी पुस्तक पुढे गेलंच नाही.

हृषीकेश गुप्ते यांच्या ‘दंशकाल’बद्दलही विचारणा असते. जुन्या घरातली गुपितं, वेड, भीती, सगळं आहे आणि धरलं की सुटत नाही. पण ते गटात मोठ्याने वाचायचं पुस्तक नव्हे. अंगावर येतं. ज्या बाईला झेपेल तिने एकटीने वाचावं. शहरात शिकायला गेलेला मुलगा घरी आल्यावर बोलत नाही अशी तक्रार असेल, तर प्रणव सखदेव यांचं ‘काळेकरडे स्ट्रोक्स’ चाळा. पोराच्या डोक्यात काय चालतं त्याचा थोडा अंदाज येईल.

पुस्तकं आणायची कुठून? विकत घ्यायची घाई नको. पनवेलला के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय आहे, आमची बरीच पुस्तकं तिथली. तुमच्या गावातही सरकारी अनुदान घेणारं ग्रंथालय असू शकतं. १९६७ च्या कायद्यानुसार अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग असतात. कुलूप लावलेलं असेल तर गटाने मिळून जा आणि वेळ विचारा. पाच-सहा बाया एकदम दारात उभ्या राहिल्या की किल्ली सापडते. हवं ते पुस्तक तिथे नसेल तर मागणीचा अर्ज द्या. दिवाळी अंकांत ‘धनंजय’ रहस्यकथांसाठी प्रसिद्ध आहे. वर्गणी काढून एक घ्या, वर्षभर फिरवा. वाचणं जड जाणाऱ्या आज्यांसाठी मोबाईलवर ऐकायची मराठी पुस्तकंही मिळतात, त्याला महिन्याचे पैसे पडतात, तेवढं बघून घ्या. व्हॉट्सअॅपवर फुकट फिरणाऱ्या पुस्तकांच्या फायली घेऊ नका. लेखकाच्या कष्टाचे पैसे त्यात बुडतात, आणि कष्टाचे पैसे बुडाले की काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

या महिन्यात आम्ही मिस मार्पलचं नवं पुस्तक घेतलं आहे. तुमचा गट काय वाचतोय ते पत्राने कळवा, चिठ्ठ्यांत काय निघालं तेही लिहा. फक्त खुन्याचं नाव पत्रात लिहू नका. आमच्यातल्या काहीजणी पत्र आधी वाचतात आणि पुस्तक मागून.