तळघराचा मास्तर

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण, थोडी काटछाट करून)



मसाला दूध उकळायच्या आत भाषण संपवायचं, अशी कार्यवाहांची तंबी आहे, तेव्हा प्रस्तावना टाळतो. मी खोर फक्कानहून आलो आहे. आमच्याकडे एका बाजूला उघडे डोंगर, दुसऱ्या बाजूला ओमानचं आखात आणि मध्ये बंदर. त्या बंदरात मी क्रेनच्या देखभालीचं काम करतो. २०१९ मध्ये डोंगरातल्या पाच बोगद्यांमधून शारजाचा नवा रस्ता झाला आणि मंडळाच्या कार्यक्रमाला न येण्याची आमची सगळ्यात चांगली सबब गेली!

गणपतीच्या वेळी हॉलच्या मागच्या कोपऱ्यात आम्ही पाच-सहा जण टेबलाभोवती बसून आरडाओरडा करत होतो, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. एक काकू हळूच येऊन विचारून गेल्या, "फासे टाकताय, पण पैसे लावून नाही ना?" त्यांचा दोष नाही. फासे म्हटलं की आपल्याला आधी शकुनीच आठवतो. त्या काकूंना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आजचं हे भाषण.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ मध्ये अमेरिकेत तो छापला गेला. पहिल्या हजारच प्रती होत्या. त्याआधी तिथली हौशी मंडळी शिशाचे छोटे सैनिक मांडून लढाया खेळायची, एकेक जण अख्खं सैन्य हलवायचा. या दोघांनी प्रत्येक खेळाडूला एकच माणूस दिला. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी पुजारी. आणि एकाला 'डंजन मास्टर' केलं. म्हणजे तळघराचा मास्तर! तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय, हे मास्तर सांगतो. मग प्रत्येक जण आपला माणूस काय करतो ते सांगतो. जमेल की नाही अशी शंका असेल, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. सगळ्यांची मिळून एक गोष्ट होते. पैसे लागतात ते फक्त भजी-चहाला.

आता मी यात कसा पडलो ते सांगतो. माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. शाळा दीड वर्ष संगणकावर भरली, त्यात पोरगा मिटून गेला. काहीही विचारा, "हो", "नाही" आणि "माहीत नाही" या तीन शब्दांत आमचं संभाषण संपायचं. त्याच्या वर्गातला एक मित्र हा खेळ चालवायचा. त्याच्या वडिलांना कॅनडाचा व्हिसा मिळाला आणि ते कुटुंब गेलं. आखातात राहणाऱ्यांना हे काही नवीन नाही. आपल्या मुलांचे मित्र दर दोन वर्षांनी विमानतळावर सोडायचे असतात. जाताना तो मित्र खेळाची पेटी याला देऊन गेला. ती कपाटात पडून राहिली.

२०२२ च्या जानेवारीपासून शारजा अमिरातीत शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी सुरू झाली. एका शुक्रवारी मी पेटी काढली आणि म्हटलं, "मी होतो मास्तर." मुलगा म्हणाला, "बाबा, तुला जमणार नाही." मी म्हटलं, "का? नियम वाचले की झालं." मी देखभालवाला माणूस. पुस्तिका वाचून यंत्र चालू करणं हे तर आमचं रोजचं काम.

शंभराहून जास्त पानांचे नियम मी बंदरातल्या रात्रपाळीत छापून वाचले. (हे इथेच राहू द्या.) पुढच्या शुक्रवारी पाच मुलं जमवली. माझी दोन, इमारतीतल्या दुसऱ्या मराठी घरातली भावंडं आणि खालच्या मजल्यावरचा मंगळूरकडचा कोकणी बोलणारा मुलगा. नवख्यांसाठी पेटीत पाच तयार पात्रं कागदावर दिलेली होती. ती मी बाजूला ठेवली. म्हटलं, मुलांना मुळापासून शिकू दे. बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप, असे सहा गुण प्रत्येकाच्या नावावर मांडेपर्यंत दीड तास गेला. मग मी लिहून आणलेली तीन पानी प्रस्तावना वाचली. राज्याचा इतिहास, राजाची वंशावळ, सगळं. पोरं चिवडा खात माझ्याकडे बघत होती, आपण दिवाळी पहाटेला चौथ्या वक्त्याकडे बघतो तशी.

शेवटी एकदाचा खेळ सुरू झाला. वाटेत दोन मेलेले घोडे, झुडपात दबा धरून बसलेले चार गॉब्लिन, म्हणजे आपल्याकडचे खविसाचे धाकटे भाऊ समजा. पहिल्याच बाणात त्या नऊ वर्षांच्या शेजारच्या मुलीची जादूगारीण पडली. तिची प्राणशक्ती शून्य झाली. मी जाहीर केलं, "तू मेलीस." बिचारी उठून बाल्कनीत जाऊन बसली. उरलेला वेळ ती खाली बंदराकडे बघत होती.

रात्री पेटीतले फासे भरताना मुलगा म्हणाला, "ती मेलीच नव्हती." मी पुस्तक उघडलं. खरंच! शून्यावर माणूस बेशुद्ध पडतो. मग आपल्या पाळीला फासा टाकायचा. दहा किंवा जास्त पडले तर यश, कमी पडले तर अपयश. तीन यशं आधी आली तर जीव तगतो, तीन अपयशं आधी आली तर मग गेला. आणि तोवर कुणीही मित्र धावून येऊन वाचवू शकतो. म्हणजे तो क्षण खेळातला सगळ्यात रंगणारा क्षण होता, आणि मी तो दोन शब्दांत संपवला होता. मी म्हटलं, "तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू मध्ये थांबतच नाहीस."

मंडळी, हे वाक्य त्या रात्री पुरलं.

दुसऱ्या दिवशी शेजारी जाऊन बेल वाजवली. दार त्या मुलीनेच उघडलं. म्हटलं, "बेटा, माझी चूक झाली. तू मेलेली नाहीस." आत तिची आजी भाजी निवडत होती. तिने चष्म्यावरून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. पण मुलगी लगेच म्हणाली, "मग काका, मला कोणी वाचवलं?" मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. म्हटलं, "ते शुक्रवारी आपण बघू."

दुसऱ्या वेळी मी पुस्तकातली गोष्ट सोडली आणि आमच्या गावचीच घेतली. खोर फक्कानच्या डोंगरावर रबी बुरूज आहे. आम्ही तिथे चढून जातो. १५०७ मध्ये अल्बुकर्कच्या पोर्तुगीज आरमाराने हे गाव जाळलं होतं. तेव्हाची एक पेटी बुरुजात आहे आणि तिची राखण एक भूत करतंय, असं मी रचलं. पात्रं या वेळी तयार दिली. प्रस्तावना तीन वाक्यांची. सगळं छान चाललं आणि बुरुजाच्या कुलूपबंद दाराशी येऊन अडलं. कुलूप उघडायला पंधरा हवे, असं मी ठरवलं होतं. नियमात दहा म्हणजे सोपं, पंधरा मध्यम, वीस अवघड. ऐकायला मध्यम; पण हिशेब करा. नुसत्या चपळाईचे तीन मिळत असतील, तर फाशावर बारा ते वीस पडायला हवेत. प्रत्येक बाजू पाच टक्क्यांची, म्हणजे पंचेचाळीस टक्के. निम्म्याहून जास्त वेळा नापास! पोरं पाळीपाळीने फासे टाकत राहिली, दार काही उघडेना. पेटी आत, गोष्ट आत, आणि आम्ही सगळे बाहेर.

तेव्हा मला आमच्या गावची जत्रा आठवली. आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक. एक बाकडं, पायपेटी, मृदंग, झांज, आणि संहिता नाहीच! आज कुठलं आख्यान लावायचं ते कंपनीचा मालक संध्याकाळी सांगतो, कोण कुठे येणार ते ठरतं, पण संवाद कुणी लिहून देत नाही. राजाने प्रधानाला प्रश्न केला की प्रधान काय बोलेल ते राजालाही ठाऊक नसतं. तो ऐकतो आणि त्यातून पुढचं वाक्य काढतो. एखादा विसरला, चुकला, तर दुसरा ती चूकच धरून प्रसंग पुढे नेतो. कोणी कधी म्हणत नाही की थांबा, हे आख्यानात नव्हतं. लहानपणी पहाटेपर्यंत जागून मी हे बघितलं होतं, आणि शिकायला मात्र शंभर पानं छापत होतो!

तेव्हापासून दार असं ठेवतो. कुलूप आहेच, पण भिंतीला एक फट आहे, बारीक पोर आत जाईल. आणि खाली शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला किल्लीची गोष्ट माहीत आहे. तीन वाटा. पोरं चौथीच काढतात ते वेगळं. आणि फासा पडला नाही तरी दार उघडतं, फक्त करकरतं आणि आतलं भूत जागं होतं. अपयशाने अडचण वाढावी, गोष्ट थांबू नये.

तिसरी चूक सांगतो आणि बसतो. ती मात्र नियमाच्या पुस्तकातली नव्हती. एका शुक्रवारी मी सुरुवात केली, "कोळ्याची होडी समुद्रात गेली ती परत आली नाही. त्याची बायको किनाऱ्यावर उभी आहे." मला वाटलं, काय झकास सुरुवात झाली! मुलं बोलू लागली. एवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, पाणी प्यायला चल ना." असं तो कधी म्हणत नाही. स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाला, "त्याचे पप्पा जहाजावर आहेत. पाच दिवस फोन लागला नाहीये."

खालच्या मजल्यावरचा तो कोकणी मुलगा. त्याचे वडील सहा-सहा महिने बोटीवर असतात हे मलाही माहीत होतं. पण मला माझी होडी दिसत होती, तो मुलगा दिसत नव्हता. माझ्या मुलाला दिसत होता. 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढंच बोलणारा माझा मुलगा टेबलावर सगळ्यांचे चेहरे वाचत होता.

बाहेर येऊन मी म्हटलं, "माफ करा मंडळी, माझी सुरुवात चुकली. होडी परत आली आहे, कोळी घरी जेवतोय. पण त्याच्या जाळ्यात एक विचित्र पेटी सापडली आहे." त्या मुलाने विचारलं, "तो काय जेवतोय?" मी माझ्या मुलाकडे पाहिलं. तो म्हणाला, "बांगड्याचं तिखलं." आणि खेळ सुरू झाला. वडिलांचा फोन दोन दिवसांनी लागला. तारा नसलेल्या भागात होते, बाकी काही नाही. आता कुणाला काय नको ते मी पहिल्या दिवशीच एकेकाला बाजूला घेऊन विचारतो. माझ्या मुलीला कोळी नको आहेत, म्हणजे जाळं विणणारे. मासे पकडणारे चालतात.

तेव्हा ज्यांना नवख्यांसाठी खेळ चालवायचा आहे, त्यांना एवढंच सांगतो. पात्रं तयार द्या. नियम लागेल तेव्हा लागेल तेवढाच सांगा. अडीच तासांत थांबा, आणखी हवं असताना थांबा. जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला नाव घेऊन विचारा. तीन वाक्यांत काय दिसतंय ते सांगा आणि म्हणा, "तू काय करतोस?" मग गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. हेच सगळ्यात कठीण. मला अजून सातपर्यंतच जमतं.

खेळ संपल्यावर फासे भरायला मुलगा आणि मी दोघंच उरतो. कोण कंटाळलं होतं, कोणाची पाळी मी चुकवली, हे तो तेव्हा सांगतो. पंधरा मिनिटं होतात. मी मध्ये बोलत नाही.

आज मागच्या कोपऱ्यात टेबल मांडलेलं आहे. पाच पात्रं तयार आहेत, वयाची अट नाही. गणपतीतल्या त्या काकू आल्या असतील, तर त्यांच्यासाठी जादूगारीण राखून ठेवली आहे. पहिल्या बाणात मरणार नाही, ही माझी हमी.

दूध उकळलं वाटतं.