गोलातला खडा

काही महिन्यांपूर्वी एका शाळेच्या स्काउट-गाइड मेळाव्याला पाहुणा म्हणून जायचा योग आला. अशा कार्यक्रमाला कवीला का बोलावतात हे मला अजून उमगलेलं नाही. बहुधा बाकीच्या पाहुण्यांना त्या दिवशी लग्नं असतात. एका चुणचुणीत मुलानं माझ्या गळ्यात स्कार्फ घातला आणि हात पुढे केला. मीही केला. दोघांचाही डावा. पोरगं चमकलं. पाहुणे उजवा हात पुढे करतात आणि मग गडबडतात, हा त्याचा नेहमीचा अनुभव असणार.

‘सर, तुम्ही स्काउट होता?’

‘होतो.’

‘राष्ट्रपती स्काउट?’

‘नाही रे. तृतीय सोपान.’

‘मग पुढं का नाही गेला?’

मुख्याध्यापिका बाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं. मीही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला. श्रोतेहो, आज त्याचं उत्तर द्यायचा विचार आहे.

ज्यांनी गळ्यात कधी स्कार्फ बांधला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. स्काउटमध्ये पायऱ्या असतात. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. आमचे सर जुन्या वळणाचे होते. ते त्यांच्या काळातली नावं सांगत, कोमलपद, ध्रुवपद, गुरुपद. पुढे कविता लिहायला लागल्यावर ध्रुवपद हा शब्द मला दुसऱ्या अर्थानं भेटला, गाण्यात पुन:पुन्हा येणारी ओळ म्हणून. सरांच्या ध्रुवपदात मात्र आग पेटवणं आणि जखम बांधणं होतं.

बेडन-पॉवेल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1907 साली ब्राउनसी नावाच्या बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं, तिथून ही चळवळ सुरू झाली. त्या मुलांत बड्यांची पोरं होती तशी कष्टकऱ्यांचीही होती. दोनच वर्षांनी, 1909 मध्ये, ती हिंदुस्थानात आली. पण ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. आपल्या पोरांना मज्जाव होता. मग अॅनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी अशा मंडळींनी आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, सगळ्यांची मिळून ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ झाली आणि पुढच्या वर्षी गाइड्सही तिच्यात आल्या. ज्या घराचं दार एके काळी आपल्यासाठी बंद होतं, त्याच्या पहिल्या पायरीचं नाव ‘प्रवेश’ आहे, हे मला फार आवडतं.

माझा प्रवेश झाला इचलकरंजीत, 1981-82 च्या सुमारास. आमचं गाव मागांचं. अब्बा दुसऱ्याच्या कारखान्यात चार माग चालवायचे, अम्मी घरी कांड्या भरायची. स्कार्फचं कापड अब्बांच्या मागावरच्या पॉपलीनचं, रंग अम्मीनं घरी पातेल्यात दिलेला. पहिल्या पावसात तो माझ्या मानेवर उतरला आणि आठवडाभर मी निळ्या मानेनं शाळेत गेलो.

सर गाठी शिकवायला लागले. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, शीट बेंड. रीफ नॉटला उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. उलटं झालं की गाठ सरकते. शीट बेंड म्हणजे दोन दोऱ्या एकमेकींना जोडायची गाठ. सर एक दोरी वाकवून दुसरी तिच्यातून खालून-वरून नेत होते. मी बघत राहिलो. ही गाठ मी रोज बघत होतो! मागावर तार तुटली की अब्बा दोन टोकं चिमटीत धरायचे, बोटं एकदा हलायची आणि तार जोडलेली असायची. वहीतून, फणीतून न अडकता सरकेल एवढी बारीक गाठ. बांधायची तऱ्हा वेगळी, पण गाठ तीच. इंग्रजीतसुद्धा तिचं एक नाव विणकराची गाठ असंच आहे. सरांना मी ती अब्बांच्या पद्धतीनं बांधून दाखवली. त्यांनी सुतळी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘कुणी शिकवली?’ रात्री अब्बांना सांगितलं, की मी या गाठीत पास झालो. ते म्हणाले, ‘इसकी भी परीक्षा रहती क्या?’

आमच्या पथकात चार संघ होते, प्रत्येकात आठ मुलं. माझ्या संघाचं नाव ‘गरुड’ आणि आठवीत मी त्याचा संघनायक झालो. त्या काठीचा आणि तिच्यावरच्या झेंडीचा जो कैफ मला चढला होता, तो पुढे कुठल्या पुरस्कारानं चढला नाही. (फारसे मिळालेही नाहीत.) दोन काड्यांत चूल पेटवणं, टोपीची कड डोळ्यावर ओढून पंचगंगेचं पात्र किती रुंद आहे याचा अंदाज करणं, बिनभांड्याचा स्वयंपाक. हा स्वयंपाक एकदा तरी करून बघा. बटाटा चिखलात लिंपून निखाऱ्यात पुरायचा, कणीक काठीला गुंडाळून भाजायची. बाहेर कोळसा आणि आत कच्चं, असा तो पदार्थ आम्ही ‘एक नंबर’ म्हणत खाल्ला आहे. सर्वधर्म प्रार्थनेत मुसलमान मुलगा मी एकटाच, त्यामुळे अरबी भाग कायम माझ्याकडे. मला अर्थ येत नव्हता. पण शेजारी संस्कृत म्हणणाऱ्यालाही येत नव्हता, त्यामुळे आमचं छान जमलं.

आणि रोज एक सत्कृत्य करून ते डायरीत लिहायचं. माझं पहिलं ललित लेखन म्हणजे ती डायरी. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत मी तीस सत्कृत्यं लिहून काढायचो. सरांनी एकदा पानं चाळली आणि विचारलं, ‘एका महिन्यात नऊ आंधळ्यांना रस्ता ओलांडून दिलास. आपल्या गावात एवढे आहेत?’ मी गप्प. स्काउटचा पहिला नियमच विश्वासाचा. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘वर्गात तू पेंगतोस. रात्री काय करतोस?’ म्हटलं, ‘अब्बांचं जेवण घेऊन कारखान्यात जातो. ते जेवेपर्यंत मागावर मी उभा राहतो. तुटलेली तार जोडतो.’ ‘मग हे का नाही लिहिलंस?’ मला प्रश्नच कळला नाही. ते घरचं काम होतं. सत्कृत्य म्हणजे आंधळा, म्हातारी, फार तर विहिरीत पडलेलं वासरू.

आता हाईकची गोष्ट. 1983 चा हिवाळा. माझा द्वितीय सोपान चालू होता. आळत्याजवळ रामलिंगचा डोंगर आहे, वर गुहेत महादेवाचं देऊळ आहे. हातकणंगल्यापर्यंत एसटीनं जायचं आणि तिथून आळत्यावरून चालत डोंगर गाठायचा. सर एका मुलाला घेऊन पुढे गेले होते आणि वाटेत खुणा करून ठेवल्या होत्या. बाण म्हणजे इकडून जा, फुली म्हणजे इकडे नको. संघांनी थोड्या थोड्या अंतरानं निघायचं, खुणा वाचत वर पोचायचं. कोणता संघ आधी येतो हे सर बघणार नाहीत, असं त्यांनी स्वत: सांगितलं होतं. मी ते ऐकलं, आणि आपण पहिलं यायचं असं ठरवलं.

पन्नास पावलं चालायचं, पन्नास पावलं पळायचं, अशी स्काउटांची एक चाल आहे. मी संघाला त्या चालीवर सोडलं. आमच्यात पाचवीतला एक मुलगा होता, प्रवेश होऊन दोन-तीन महिने झालेला. आळतं मागे पडल्यावर त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. तो ओरडला, ‘थांबा की!’ हे मला ऐकू आलं होतं, श्रोतेहो. मी मागे न बघता म्हणालो, ‘ये हळूहळू.’

आम्ही पहिले पोचलो. धापा टाकत रांगेत उभे राहिलो. सरांनी मोजले आणि पुन्हा मोजले.

‘सातच कसे?’

त्यानंतरची उतरण मला पायरीपायरीनं आठवते. सर पुढे, मी मागे. ते एक अक्षर बोलत नव्हते. बोलले असते तर बरं झालं असतं. डोंगराच्या पायथ्याला तो नव्हता. ओढ्याजवळ नव्हता. शेतात एक बाई होती, तिनं मान हलवली. मला वाटायला लागलं, विहीर. त्या भागात बांधाला लागून उघड्या विहिरी असतात. प्रत्येक विहिरीत सर वाकून बघत आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

चप्पल तुटली होती त्या जागेच्या थोडं अलीकडे सर थांबले. गाडीवाटेच्या फुफाट्यात, चाकोरीच्या बाहेर, कुणाचा पाय पडणार नाही अशा बेतानं एक गोल काढला होता आणि गोलाच्या मधोमध एक खडा ठेवला होता.

या खुणेचा अर्थ, ‘मी घरी गेलो’. बेडन-पॉवेल 1941 साली केनियात वारले. न्येरी गावी त्यांचं थडगं आहे, त्याच्या दगडावरही हीच खूण कोरली आहे, गोल आणि मध्ये टिंब. ते मला पुष्कळ नंतर कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं, की पोरगं जिवंत आहे आणि शहाणं आहे. त्यानं आमच्या मागे जीव तोडून धाव घेतली नव्हती, रडत बसला नव्हता, आडवाटेला शिरला नव्हता. आला तो रस्ता धरून तो माघारी गेला होता आणि जाताना शोधायला येणाऱ्यांसाठी निरोप ठेवून गेला होता. तोही त्याला बाजूला टाकून गेलेल्यांसाठी. सर त्या गोलाकडे बघत म्हणाले, ‘हा पास.’ पुढचं त्यांनी म्हटलं नाही.

संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. तो भाकरी खात होता. आळत्यातल्या कुणी त्याला सायकलवर हातकणंगल्यापर्यंत सोडलं होतं आणि पुढे कंडक्टरनं गावात आणलं होतं. त्याची आई सरांना म्हणाली, ‘सर, लई उशीर केलासा. तुमच्या आधी पोरगं आलं की.’ माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंही नाही.

सरांनी माझ्या लॉगबुकात हाईकच्या रकान्यात सही केली नाही. पुढची हाईक चार-पाच महिन्यांनी झाली. सर म्हणाले, ‘या वेळी तू शेवटी चालायचं. तुझ्या मागे कुणी राहता कामा नये.’ काठी दुसऱ्याच्या हातात गेली. शेवटी चालणं सोपं नसतं. पुढच्यांची धूळ खावी लागते, लघवीला थांबलेल्यासाठी थांबावं लागतं, आणि चालणाऱ्यांपैकी कोण खरंच दमलाय आणि कोण नाटक करतोय हे पाठीवरून ओळखावं लागतं. पाठीवरून माणूस ओळखायला मी तिथे शिकलो, बी.ए.ला ते कुणी शिकवलं नाही. त्या दिवशी सरांनी सही केली. सहीखाली तारीख घातली आणि मागची तारीख घालू देणार नाही, असंही बजावलं.

त्यामुळे तृतीय सोपान होईपर्यंत मी दहावीत पोचलो. राज्य पुरस्काराचं चाचणी शिबिर आलं, तेव्हा अब्बांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना मागाचा मार बसला होता. चिमटीत तार धरता येत नव्हती. शिबिराची वर्गणी भरणं एकवेळ जमलं असतं. सरांनी ती भरतो असं सांगितलंही होतं. पण ते पाच दिवस मागावर उभं कोण राहणार? मी गेलो नाही. सरांनी एकदाच विचारलं, मी एकदाच सांगितलं. पुढे पाचवीतला तो मुलगा मात्र राज्य पुरस्कारापर्यंत गेला. त्याच्या सत्काराला मी टाळ्या वाजवायला होतो. त्यानं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही, आणि मला काढायचं धैर्य झालं नाही. आज ते इथे करतोय. तो कुठे ऐकत असेल तर ऐकू दे.

ते लॉगबुक माझ्याकडे आहे. हाईकच्या रकान्यात सरांची सही आहे, उशिराच्या तारखेची. राज्य पुरस्काराचं पान कोरं आहे. त्यावर पुढे कधीतरी मी कवितेच्या चार ओळी खरडल्या होत्या, त्या मात्र अजिबात चांगल्या नाहीत.

मेळाव्याहून निघताना तो मुलगा पुन्हा आला होता. खिशातून सुतळीचे दोन तुकडे काढून म्हणाला, ‘सर, शीट बेंड येते का अजून?’ मी अब्बांच्या पद्धतीनं बांधली. त्याला काहीच दिसलं नाही. म्हणाला, ‘परत. पण सावकाश.’ सावकाश बांधायला गेलो तर जमेना. बोटं मध्येच अडायची. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून बांधली, आणि तो माझ्या हाताशी नाक लावून बघत राहिला.